त्रेपन्नच्या पुढे

परीक्षकांनी सांगितलं म्हणून एकोणसाठने भागत आणलेल्या गणिताच्या तळाशी शून्य आलं आणि मयुरीच्या हातातला खडू फळ्यावरच अडकला.

पाठीमागे अख्खा वर्ग. पाचच मिनिटांपूर्वी याच फळ्यासमोर ती ठणकावून सांगत होती, "दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा. करा गुणाकार, मिळवा एक. ३००३१! यातल्या कुणानेही भागा, बाकी एक उरणारच. म्हणून ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून कुण्णाला दाद देत नाही!" गोडादऱ्याच्या शाळेतलं गणित प्रदर्शन तिने जणू खिशातच घातलं होतं.

"तेराच्या पुढे कुणी तपासलंच नाही का, बेटा?" परीक्षक उषाबेनचा आवाज मऊ होता. त्या मऊपणानेच मयुरीचे कान तापले.

"तपासायचं काम दिपालीकडे होतं, बेन."

वाक्य निसटून गेलं. दारात तिची जोडीदार दिपाली उभी होती, रांगोळीने बोटं गुलाबी झालेली. तिने एकदा मयुरीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बाजूला उभ्या असलेल्या, गणित शिकवणाऱ्या विजय सरांनी 'च्च' केलं.

बाहेर, पायऱ्यांखाली, दिपालीने काढलेला भलामोठा ३००३१ पसरला होता. खाली ठसठशीत 'मूळ संख्या'. मयुरीने सवयीने कडेला चपला काढल्या.

"बोलली का नाहीस तू?" ती उलट दिपालीवरच खेकसली.

"काय बोलू? सकाळी भागतच होते ना मी. सतरा, एकोणीस, तेवीस... त्रेपन्नपर्यंत आले होते. तूच म्हणालीस, पुरे गं भागाकाराची राणी, चाल ने, चल लवकर, रांगोळी राहिलीय."

त्रेपन्न. त्याच्या पुढची मूळ संख्या कोणती, हे मयुरीला आठवावं लागलं नाही.

दिपाली उकिडवी बसून 'मूळ' हा शब्द ओल्या फडक्याने पुसू लागली. मयुरीही बसली. फडक्याचं दुसरं टोक धरायला हात पुढे केला, पण धरवेना.

विजय सर पायऱ्या उतरत आले.

"दिपाली, पुढच्या वेळी नीट लक्ष द्यायचं हं."

"हो सर."

"सर..." मयुरी म्हणाली. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज आता सरांपर्यंतही पोचला नाही. सर फाटकाच्या दिशेने चालू लागले.

दिपालीने मान वर केली नाही. ती पुसतच होती.

मयुरी उठली. चपला तिथेच राहिल्या. ओल्या रांगोळीतून ती सरळ धावत सुटली, आणि फाटकापर्यंतच्या फरशीवर तिची गुलाबी पावलं उमटत गेली.