दहा मिनिटांचं काम

"मेव्हणे, हिला घसा तुम्ही दिलात! आता गल्लीच्या तोंडाशी आलो की घरात कळेल, स्वारी आली!"

भाऊजींचा हा आवाज मिस्त्रीच्या कानात चौदा वर्षं मुक्काम ठोकून होता. एरवी त्या माणसाने मेव्हण्याचं कधी कौतुक केलं नव्हतं. 'नटबोल्टचे डॉक्टर' म्हणून चिडवायचे, तेवढंच. त्या सकाळी मात्र मोटारसायकलला नवा, मोठ्या पोटाचा सायलेन्सर चढवून मिस्त्रीने किक मारली, गाडीने खणखणीत तान घेतली, आणि भाऊजींनी त्याला भर रस्त्यात मिठी मारली.

त्या मिठीत मिस्त्री एक काम विसरला. विसरला म्हणणंही खरं नाही; आठवलं होतं त्याला. कार्बोरेटरमधला जेट बदलायचा होता. शेंगदाण्याएवढा पितळेचा तुकडा, मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. त्या भोकातून इंजिनाच्या पोटात पेट्रोल जातं. सायलेन्सरची नळी मोकळी झाली की इंजिन श्वास मोठा घेतं, मग घासही मोठा लागतो; म्हणजे मोठ्या भोकाचा जेट हवा. दहा मिनिटांचं काम. पण भाऊजी गाडीवर बसलेसुद्धा होते, नवरदेवासारखे ताठ. त्यांना खाली कसं उतरवायचं? उद्या करू, असं मिस्त्रीने मनाशी म्हटलं. 'जपून चालवा' एवढंही तो बोलला नाही.

त्याच दुपारी पुलाच्या उतारावर गाडी घसरली आणि भाऊजी जागीच गेले.

गाडी मिस्त्रीनेच दुकानात आणली आणि शटर ओढून इंजिन खोललं. प्लग पांढराफटक. पिस्टन ओरबाडलेला, सिलिंडरला चिकटलेला. पेट्रोलाची उपासमार होऊन इंजिन तापलं होतं आणि धावता धावता जाम झालं होतं. त्याने नवा पिस्टन घातला, आधीचा सायलेन्सर परत चढवला आणि मोठ्या पोटाचा माळ्यावर टाकला. बाहेर लोक म्हणत होते, वेग नडला. ताईनेही तेच धरून ठेवलं. मिस्त्री गप्प बसला; आज बोलू, उद्या बोलू करता करता त्याचे केस पिकले.

आणि आज भाची ती गाडी ढकलत दुकानात आली. मागून ताई.

"मामा, नोकरी लागली मला! पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. तिकडे बस जात नाही, मी बाबांची गाडी नेणार."

"नेणार म्हणे!" ताई बाकावर टेकली. "विचारत नाही, नुसतं सांगते. थेट बापावर गेलीय."

"आणि मामा, तो सायलेन्सर चढवून दे ना. मोठ्या आवाजाचा. तुझ्या माळ्यावर आहे, मी पाहिलाय."

"गंजला असेल गं तो."

"मग घासून घे की. मिस्त्री तू का मी?" ती हसली, मग जरा थांबून म्हणाली, "मामा, बाबांचा आवाज मला आठवत नाही रे. सात वर्षांची होते. गाडीचा तेवढा आठवतो, त्या सकाळचा."

मिस्त्रीने ताईकडे पाहिलं. "तू नको म्हण ना हिला."

"माझं कोण ऐकतंय? बापाने नाही ऐकलं, ही ऐकणार! बसव बाबा. फक्त वेगाचं वचन घे तिच्याकडून."

नाही म्हणायला मिस्त्रीजवळ एकच कारण होतं, आणि तेच सांगता येत नव्हतं. तो शिडी चढला.

पॉलिश पेपरने नळी घासताना भाची शेजारी उकिडवी बसली. "याला एवढं पोट कशाला?"

"धुराची लाट जाते आणि या पोटात आपटून माघारी फिरते. तेवढ्यात ताजं पेट्रोल न जळताच बाहेर सटकत असतं. शाळेतून पळणाऱ्या पोराला मास्तर मानगूट धरून वर्गात ढकलतो ना, तशी ही लाट त्याला आत ढकलते. म्हणून ताकद वाढते. आवाज आपला फुकटचा."

नळी बसली. मग त्याने कार्बोरेटर उघडला. लहान जेट काढला, मोठा उजेडाकडे धरून त्याचं भोक पाहिलं.

"हा नाही बदलला तर?"

"इंजिन तापतं. चालता चालता पिस्टन जाम होतो, मागचं चाक जागच्या जागी थांबतं."

"एकदम?"

"एकदम."

"बाबांच्या वेळी बदलला होतास ना?"

"हो," मिस्त्री म्हणाला आणि मोठा जेट जागेवर बसवून आवळला.

काम झालं तेव्हा त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा मिनिटंही लागली नव्हती.

भाचीने किक मारली. दुसऱ्या किकेला गाडी गायली. डब्यातले स्क्रू थरथरले, खिडकीची काच थरथरली. ताई बाकावरून उठली आणि भावाजवळ येऊन उभी राहिली, अगदी कानाशी.

"अस्साच आला होता. दारात येऊन दोनदा आवाज केला, मी हातातलं काम टाकून धावले." ताई म्हणाली. "त्याला मी माफ नाही केलं रे अजून. पुलावर ती काळी रेघ पाहिली मी चाकाची. वीस पावलं लांब. केवढा वेग असेल, तेव्हा केवढा ब्रेक दाबला असेल! घरी एवढीशी पोर आहे, हे मनात नाही आलं त्याच्या? रोज भांडते मी त्याच्याशी. चौदा वर्षं. उत्तर देत नाही मेला."

"ती रेघ ब्रेकची नव्हती," मिस्त्री म्हणाला.

"काय?" ताईने कानामागे हात नेला. भाचीने हसत हँडलची मूठ पिळली होती, सगळं दुकान गर्जत होतं. "काय म्हणालास?"

काही नाही, म्हणता आलं असतं. ताईने मान हलवली असती, दोघी घरी गेल्या असत्या.

मिस्त्रीने हात लांब करून किल्ली फिरवली. तापलेली नळी टक् टक् करत निवू लागली. भाची चकित होऊन मामाकडे बघत राहिली.

"ताई, भाऊजी वेगात नव्हते. इंजिन जाम झालं आणि चाक घासत गेलं, त्याची रेघ ती. जेट मी बदललाच नव्हता. आत्ता पोरीला खोटं सांगितलं मी."