लोकरीचं माप

हा तास तिसरीच्या बाईंनी आठवडाभर मनात घोळवला होता. चेंडूभोवती लोकर गुंडाळायची, टोक भिडेल तिथं कापायची, कागदावर सरळ चिकटवायची. कुठला चेंडू मोठा, कुठला लहान, पोरांना डोळ्यांनी दिसेल.

प्रत्यक्षात बास्केटबॉल बाकांखाली पळाला, पिंगपाँगच्या चेंडूवर कुणाचा तरी पाय पडला आणि डिंकाची बाटली आडवी झाली.

"चेंडू खेळायला नाही दिलेत!" ओरडून ओरडून बाईंचा घसा बसला.

तेवढ्यात खिडकीजवळ जुंपली.

"बाई, ही खोटारडी आहे! टेनिसचा चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा मोठा म्हणते!" वर्गातला दांडगा, म्हणून पैलवान म्हणवला जाणारा पोरगा तावातावानं सांगत होता.

"आलाच मोठा! बघा ना!" टिकली रडकुंडीला आली होती. वर्गात सगळ्यांत लहानखुरी, म्हणून ती टिकली.

तिचा लोकरीचा तुकडा खरंच पैलवानानं क्रिकेटच्या चेंडूवरून कापलेल्या तुकड्यापेक्षा बोटभर लांब होता.

"नीट गुंडाळली नसशील. पुन्हा कर," बाई म्हणाल्या.

तिनं पुन्हा केलं. पुन्हा लांबच.

"टिकले, लक्ष कुठं असतं गं तुझं? एवढं साधं जमत नाही?"

टिकलीनं लोकर बाकावर टाकली आणि तोंड फिरवलं.

बाई तणतणत स्वतः मोजायला बसल्या. ओढून गुंडाळली की तुकडा आखूड, सैल धरली की लांब. एकाच चेंडूची दर वेळी वेगळी मापं. त्यांनी पैलवानाकडं पाहिलं. तो फुटबॉलला गळफास लावल्यासारखी लोकर आवळत होता. बाईंनी कपाळावर हात मारला. सुतळी आणायची सोडून, कपाटात हाताला लागली म्हणून त्यांनीच लोकर उचलली होती.

"टिकले, तुझं चुकलं नव्हतं. माझी लोकरच ताणली जाते."

"मग मला का ओरडलात?"

"चुकलंच माझं," बाई हळूच म्हणाल्या. टिकलीचा रुसवा काही गेला नाही.

बाई लोकरीऐवजी रद्दीच्या कागदाच्या पट्ट्या कापू लागल्या, तोच घंटा झाली. पोरं दप्तरं उचलून पसार झाली. खेळाचे सर जाळीची पिशवी घेऊन दारात हजर.

"बाई, चेंडू द्या. पोरं मैदानावर खोळंबलीत."

"दोन मिनिटं थांबा हो, सर!"

"तुमची दोन मिनिटं म्हणजे..." सर पुटपुटले.

टिकली दारापर्यंत जाऊन परत आली. तिनं टेनिसचा चेंडू दोन्ही हातांनी गच्च धरला. बाईंनी त्याच्याभोवती कागदाची पट्टी फिरवली.