ठकीसाठी मऊ गाडी

पिकअपला मागे स्प्रिंगचे जाड पाटे टाकायचेच, हे नवऱ्याने पंधरा दिवसांपूर्वीच ठरवून टाकलं होतं. तंबू, घडीच्या खाटा, लोखंडी चूल असं कॅम्पिंगचं सामान चढवलं की गाडीचं बूड खाली बसायचं आणि पुढचे दिवे आभाळाकडे बघायचे. तिला मात्र एकच धास्ती होती. अकरा महिन्यांची ठकी मागच्या खेपेला दर खड्ड्याला इमानेइतबारे ओकली होती.

“पाटे कडक केलेस तर आम्ही दोघी घरी,” तिने निक्षून सांगितलं. “तू जा तुझ्या खाटांबरोबर.”

गॅरेजच्या मिस्त्रीने गाडी भरून आणायला सांगितली होती. त्याने टायर आणि मडगार्डच्या फटीत बोटं घातली. जेमतेम दोन मावली.

“आता एकेक वस्तू उतरवा.”

चूल उतरली, फट नखभर वाढली. खाटा उतरल्या, अडीच बोटं झाली. मग मिस्त्रीने ताडपत्री उचलली.

“हे काय, वहिनी?”

“पाणी. उकळून गार केलेलं. ठकीचं.”

“सहा कॅन?” नवरा ओरडला. “वीस-वीस लिटरचे? अगं, पोरगी आहे की म्हैस?”

“म्हणजे दोन धडधाकट गडी,” मिस्त्री म्हणाला, “तेही पार मागच्या टोकाला.”

ती विज्ञानाची पदवीधर. लिटरला किलो हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण कॅन भरताना तिच्या डोक्यात फक्त जुलाब होते.

मिस्त्रीने गाडीचं मागचं टोक दाबून सोडलं. गाडी वरखाली डुलतच राहिली. “बघा. शॉक अ‍ॅब्सॉर्बर गळतायत. पोरगी ओकते ती या डुलण्यानं. जाड पाटे टाकलेत तर वजन पेलेल, पण दणका थेट तिच्या सीटला. मऊ हवी असेल तर पाटे आहेत तेच ठेवा, शॉक नवे टाका आणि वजन कमी करा. तुम्ही ठरवा.”

तिच्या अगदी जिवावर आलं. तरी एक कॅन बाजूला केला, दुसरा केला, चौथ्यावर हात जरा रेंगाळला.

“दोन राहू देत,” ती म्हणाली. “आणि चूल?”

“चूल कशाला मध्ये?”

“चाळीस किलोची चूल, दोन कप चहासाठी!”

चूल गॅरेजच्या कोपऱ्यात गेली.

नवे शॉक बसल्यावर उरलेलं सामान चढवून मिस्त्री चक्कर मारायला निघाला. ती पुढे, मान पार मागे वळवून. मागच्या सीटवर ठकीशेजारी नवरा, हातात टॉवेल आणि बायकोच्या हुकमाप्रमाणे नजर सतत पोरीच्या तोंडावर. पहिल्या गतिरोधकाला ठकीने डोळे मोठे केले. दुसऱ्याला हसली. तिसऱ्याला “अं! अं!” करून आणखी मागितला.

“थांबवा! थांबवा गाडी!”

मिस्त्रीने ब्रेक दाबला. पण ठकी मजेत होती. नवरा दार उघडून बाहेर झेपावला होता आणि भिंतीला टेकून टॉवेलात तोंड खुपसून उभा होता.

“वहिनी, पोरगी पास,” मिस्त्री म्हणाला. “साहेबांना बसतील असे शॉक माझ्याकडे नाहीत.”

ठकी रिकाम्या सीटवर हात आपटून बापाला बोलवत होती. पुढच्या सीटवरून आईने दोघांकडे पाहिलं. मग काच खाली करून म्हणाली, “जायचं हं आपण. पण मागे मी बसेन.”