मधला चौकोन

फळ्यावर खडूचे तीन चौकोन. प्रत्येकातून पुढच्याकडे जाणारा एक बाण.

कर्जतच्या पलीकडे कुठेतरी, ऊसतोड टोळीच्या, पाचटाने शाकारलेल्या कोपीबाहेर उकळणारा चहा.

हॉस्टेलच्या खोलीत चार मुली. स्पीकरवर बन्सीचा आवाज : “काय इंजिनीरीनबाई, आमच्या ट्रॅक्टरला बी शिकवा की कायतरी!”

हसणं. लाल झालेले कान. नंबर ब्लॉक.

परीक्षा झाली की ब्लॉक काढू, असं पूजाने ठरवलं होतं. बन्सी म्हणजे गावचाच, टोळीचा ऊस कारखान्यावर नेणारा ट्रॅक्टर ड्रायव्हर. त्याच टोळीत ऊस तोडणाऱ्या पूजाच्या आईकडे, छबूबाईकडे, मोबाईल नव्हता. बन्सीने फोन लावायचा, मनसोक्त चिडवायचं, मग आईच्या हातात द्यायचा, अशी रीत. पण त्या दिवशी मुली हसल्या आणि पूजाचं डोकं फिरलं.

आज डेटा स्ट्रक्चरची, संगणकात माहिती एकमेकींना जोडून ठेवण्याच्या विषयाची, तोंडी परीक्षा होती. बाहेरून आलेले परीक्षक चष्मा पुसत बसले होते. शिकवणाऱ्या यामिनी मॅडम म्हणाल्या, “यादीतला मधला चौकोन वगळून दाखव.”

पूजाने डस्टर उचललं आणि मधला चौकोन पुसला. बाणासकट.

“आता पुढचा कुठे आहे?”

“आहे की मॅडम. तिथंच.”

“असेल ना. पण तू त्याच्यापर्यंत जाणार कुठून?”

पूजाने फळ्याकडे पाहिलं. शेवटचा चौकोन कोपऱ्यात एकटाच होता. त्याच्याकडे एकही बाण येत नव्हता.

“मॅडम, मला एक फोन करायचाय.”

“आत्ता? परीक्षा चालू आहे, पूजा.”

“आईला.”

मॅडमनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग परीक्षकांना म्हणाल्या, “मुलीला पाणी प्यायचंय, सर. आलोच.” आणि पूजाला बाहेर आणून, दार ओढून स्वतःच दाराशी उभ्या राहिल्या.

पूजाने ब्लॉकमधला एकुलता एक नंबर मोकळा केला आणि लावला.

“आगं, कुठं मेली हुतीस?” बन्सी ओरडला. “किती फोन लावले! मी टोळी सोडली. कोल्हारला हाय आता. टोळी बी पुढं सरकली म्हनत्यात. कुठं, ठावं न्हाई. मुकादमाला इचार, नंबर देतो.”

मुकादम गोरक्षनाथ उसाच्या भलत्याच फडावर होता. त्याने टोळीतल्या झुंबरबाईचा नंबर दिला. तो लागेना. पुन्हा लावला. लागेना. मॅडम दारातूनच म्हणाल्या, “लाव गं. पाणी थंड आहे, वेळ लागतो.”

तिकडून कुणीतरी उचलला. वारा, कोयत्यांचा आवाज, आणि झुंबरबाईची आरोळी : “छबू! ये छबू! तुजी पोरगी!”

धावत आल्याची धाप.

“पूजा? बरी हाईस ना?”

“व्हय आई.”

“बन्सी म्हनला, फोनच लागंना. म्या म्हनलं, आभ्यासात आसंल, कशाला तरास द्यायचा.”

“आई, झुंबरमावशी दुसरीकडं गेल्या तर मी फोन कुनाला करू?”

“ती कुठं जातीया? माझ्याशी भांडल्याबिगर घास उतरत न्हाई तिला.”

“म्या हितंच हाय गं, ऐकतीया!” मागून झुंबरबाई.

“तरीपन सांग. अजून कुनाचा तरी नंबर दे.”

“देते बाई. जेवलीस का?”

“जेवले,” पूजा खोटं बोलली. मग झुंबरबाईच्या सुनेचा नंबर तिने तळहातावर लिहून घेतला.

ती आत आली. चौकोन पुन्हा काढले. या वेळी डस्टरला हात लावण्याआधी तिने पहिल्यातून मधल्याच्या डोक्यावरून एक लांब, वाकडा बाण काढला, शेवटच्या चौकोनापर्यंत. तो नीट टेकलाय ना, हे वाकून पाहिलं. मग मधला पुसला.

“बराच वेळ पाणी प्यायलीस,” परीक्षक म्हणाले.

“तहान होती सर,” मॅडम म्हणाल्या.

हंगामाच्या सुरुवातीला, दिवाळीनंतर टोळी पाथर्डीहून निघाली होती, त्याच सकाळी पूजाने बन्सीचा नंबर मोबाईलमध्ये ‘आई’ या नावाने सेव्ह केला होता.