जमिनीवरची बैठक

"फोल्डिंगची खुर्ची घेतलीस ना गं?" गाडी पार्किंगमध्ये शिरता शिरता हेमचंद्रांनी पुन्हा विचारलं.

"घेतलीय बाबा. ट्रंकमध्ये आहे," गिरिजा म्हणाली.

"बरं झालं. तुम्हाला बसायला होईल," मागच्या सीटवरून उत्तराबाई म्हणाल्या. व्हायोलिनची पेटी त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

"उत्तरा, आपलं काय ठरलंय? ऐकायचं आणि घरी यायचं."

"ते तुमचं ठरलंय."

"आई, प्लीज," गिरिजाने गाडी बंद केली. "पडलीस तर सर्जरी कॅन्सल करतील. ही डेट मिळायला किती महिने वेट केलंय आपण! मी रजा टाकून न्यू जर्सीहून उगाच आलेय का?"

"मी पडणार नाहीये. मी बसणार आहे."

भांडण काल रात्रीपासून हेच चाललं होतं. मंगळवारी उत्तराबाईंचे गुडघे बदलायचं ऑपरेशन होतं, दोन्हीही एकदमच. सर्जन मोठा हसतमुख. म्हणाला, मजेत चाला, सायकल चालवा, खुर्चीवर हवं तेवढं बसा, फक्त जमिनीवर मांडी घालणं आता विसरा. शेवटचं वाक्य त्याने हॉटेलात बिलाबरोबर बडीशेप द्यावी तसं सहज दिलं. हेमचंद्रांनी मान डोलावली, गिरिजाने डोलावली, आणि उत्तराबाईंचा चेहरा का उतरला हे त्या खोलीत कुणालाच कळलं नाही.

उत्तराबाईंना व्हायोलिन वाजवता येत होतं ते फक्त मांडी घालून. नागपुरात गुरुजींसमोर सतरंजीवर त्या शिकल्या होत्या. डावा पाय दुमडलेला, उजवा जरासा पुढे, व्हायोलिनचं टोक उजव्या घोट्यावर आणि दुसरं टोक छातीशी. वाद्य असं दोन्हीकडून घट्ट टेकलं की डावा हात मोकळा. तो मग तारेवरून कुठूनही कुठेही घसरत जाऊ शकतो. ओहायोतल्या या डब्लिनमध्ये संसार थाटल्यावर त्यांनी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आयुष्यभर रक्ताच्या स्लाइड्स तपासल्या, आणि संध्याकाळी बेसमेंटच्या कार्पेटवर बसून वाजवलं. लोकांना ऐकवायला म्हणून नव्हे. डोकं ताळ्यावर राहायला.

खुर्चीवर बसून त्यांनी वाजवून पाहिलं नव्हतं असं नाही. गिरिजाने ऑनलाइन व्हिडिओ दाखवले, हनुवटीखाली धरायला शिकवलं. मान आखडली. डावा हात व्हायोलिन सावरण्यातच गुंतला आणि मींड घ्यायला जावं तर बोट मध्येच अडखळलं. आपल्या स्वयंपाकघरात डोळे मिटून वावरणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या घरी मिठाचा डबा सापडू नये, तसं झालं. इथल्या मराठी मंडळातल्या नेत्राने समजूत घातली, "काकू, हल्ली देवसुद्धा खुर्चीवरून केलेली पूजा चालवून घेतो." उत्तराबाई म्हणाल्या, "देवाचं चालत असेल, माझं नाही."

आणि हा आयरिश फेस्टिव्हल! गावाचं नाव डब्लिन, तेव्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सगळं गाव तीन दिवस आयरिश होऊन जातं. भारतातून आलेली माणसंही हिरवे टी-शर्ट घालून बटाट्याचे पदार्थ खात फिरतात. पहिल्या वर्षी ती दोघं नुसती काय गडबड आहे बघायला म्हणून गेली आणि एका तंबूपाशी उत्तराबाईंचे पाय थबकले. आत फिडल वाजत होतं. वाद्य तेच, पण सहा मात्रांत अशी काही उड्या मारत चाललेली धून की त्यांनी मांडीवर दादरा धरला. "अहो, हा तर राग काफी!" त्या म्हणाल्या. "तुला कढीतसुद्धा काफी सापडेल," असं म्हणून हेमचंद्र जेवणाचे स्टॉल शोधायला गेले.

तेव्हापासून दर वर्षी त्या तंबूच्या कडेला उभ्या राहून ऐकायच्या आणि घरी येऊन कानावर राहिलेल्या धुना कार्पेटवर बसवायच्या. आत जाऊन वाजवायचं मात्र कधी धाडस झालं नाही. खुर्च्यांवर बसलेल्या गोऱ्या मंडळींच्या पायांशी आपण बसायचं? बरं दिसेल का ते? पुढच्या वर्षी बघू, असं म्हणता म्हणता गुडघे संपले. आता पुढच्या वर्षी बघण्यासारखं काही नव्हतं, आणि त्याचाच त्यांना राग आला होता. गुडघ्यांचा नाही, स्वतःच्या त्या 'बरं दिसेल का'चा.

तंबूत वर्तुळ जमलं होतं. तीन-चार फिडल, बासरी, एक डफासारखं वाद्य, आणि मध्यभागी हातात भात्याची छोटीशी षट्कोनी पेटी घेतलेली पिकल्या केसांची नोरा. या बैठकीचा कायदा उत्तराबाईंना बघून बघून पाठ झाला होता: येत असेल ते सगळ्यांबरोबर वाजवायचं, येत नसेल तेव्हा गप्प ऐकायचं, आणि कुणी म्हटल्याशिवाय आपली धून सुरू करायची नाही.

नोरा त्यांना तोंडओळखीने जाणत होती. त्यांच्या हातातली व्हायोलिनची पेटी पाहून तिचे डोळे विस्फारले. "शेवटी आणलंस तर! ये, ही खुर्ची रिकामीच आहे."

"थँक्यू," उत्तराबाई म्हणाल्या, "पण मला खुर्ची नको. तिच्याखालची जागा हवी."

त्यांनी ती खुर्ची बाजूला सारली आणि बूट-मोजे काढले.

"आई, डोन्ट!" गिरिजा पुढे धावली.

"व्हायोलिन धर. मला नको, व्हायोलिनला धर."

खुर्चीच्या पाठीला धरून त्या खाली गेल्या. अर्ध्यावर उजव्या गुडघ्यातून अशी कळ गेली की डोळ्यांसमोर अंधारी आली. पण दात घट्ट आवळून त्यांनी उरलेलं अंतर कापलं आणि डावा पाय हाताने ओढून दुमडला. दुखत होतं. भयंकर दुखत होतं. पण जमीन लागली. गिरिजाच्या हातातून व्हायोलिन घेऊन त्यांनी घोट्यावर टेकवलं. आजूबाजूला सगळ्यांचे बूटच बूट दिसत होते. बरं दिसत नव्हतं बहुधा. दिसू दे.

पहिल्या दोन धुना त्यांनी सगळ्यांच्या सुरात सूर मिळवून हलक्या हाताने वाजवल्या. मग पेटी थांबवून नोरा वाकली आणि म्हणाली, "आता तू सुरू कर."

उत्तराबाईंनी डोळे मिटले. धून पाठ होती, पण जन्माची सवय अशी की स्वर लावल्याशिवाय हात पुढे जाईना. त्यांनी षड्ज लावला, त्यावरून कोमल गंधारावर हळूच सरकल्या, आणि ताल नाही, घाई नाही, असा सरळ आलापच सुरू केला.

खुर्ची बगलेत मारून उभ्या असलेल्या हेमचंद्रांना घाम फुटला. "अगं, इथे आलाप कसला करतेस!" ते पुटपुटले.

पण वर्तुळातल्या लोकांनी एकेक करत वाद्यं मांडीवर ठेवली. त्यांच्याकडेही असं असतं. एखादी संथ, ताल नसलेली धून एकट्याने वाजवायची आणि बाकीच्यांनी मध्ये बोट घालायचं नाही. तेव्हा या बाईंनी काही वावगं केलंय असं त्यांच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. डफवाल्याने तर टोपी काढली.

डावा हात तारेवरून मोकळा फिरत होता. आता मुळीच रडायचं नाही, असं ठरवूनही उत्तराबाईंच्या नाकातून पाणी आलं, ते त्यांनी खांद्याला पुसलं. मग गज उचलून त्या सहा मात्रांत उतरल्या, तशी सगळी वाद्यं एकदम अंगावर आली. दुसऱ्या भागात त्यांची दोन बोटं चुकली. बासरीवाल्याने धून सांभाळली, आणि त्या न लाजता पुढच्या आवर्तनाला त्याला जाऊन मिळाल्या. या रिवाजाप्रमाणे धून तीनदा होते. तिसऱ्यांदा संपत आली तेव्हा त्या ओरडल्या, "पुन्हा!" कायद्यात बसत नव्हतं. नोराने हसून पुन्हा घेतली.

बैठक उठली. हिरव्या शर्टातली कार्यकर्ते मंडळी खुर्च्या मिटवायला लागली. एकेक करत सगळे उभे राहिले आणि मोकळ्या झालेल्या तंबूत जमिनीवर एकट्या उत्तराबाई उरल्या. त्यांनी पाय हलवून पाहिला. तो हललाच नाही.

एक कार्यकर्ता लगबगीने धावत आला. "मॅडम पडल्यात का? व्हीलचेअर बोलावू?" त्यांच्या बगलेत हात घालायला तो वाकला.

उत्तराबाईंनी गज आडवा धरला. "हात लावायचा नाही. मी पडलेली नाही. मी बसलेली आहे."

तो गोंधळून गिरिजाकडे बघायला लागला. गिरिजा दिवसभर हेच व्हायला नको म्हणून भांडत आली होती. ती आता त्या माणसाच्या आणि आईच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"शी इज सिटिंग," ती म्हणाली. "तिचं झालं की ती सांगेल."

हेमचंद्रांनी खुर्ची खाली ठेवली, पण उघडली नाही.

उत्तराबाईंनी गजाचे केस सैल केले. तारांवर बसलेली राळ फडक्याने पुसली, एकेक तार, वरून खालपर्यंत. व्हायोलिन मऊ कापडात गुंडाळून पेटीत ठेवलं, पेटीची कडी लावली. तळहात जमिनीवर टेकवून त्या थोडा वेळ तशाच बसल्या. कुणीही घाई केली नाही.

मग त्यांनी एक हात लेकीकडे केला आणि एक नवऱ्याकडे.

"हं, उचला," त्या म्हणाल्या. "आता मंगळवारी घेऊ देत त्यांना माझे गुडघे."