डावा स्पीकर

हेमचंद्रांनी पिवळ्या वायरचं टोक दातांत धरलं, ओढलं आणि सुटून आलेलं प्लास्टिक तळहातावर थुंकलं.

"पप्पा, दातांनी नका ना," तेजश्री स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

सासऱ्यांनी मान वर केली नाही. उघड्या पडलेल्या तांब्याच्या तारा ते बोटांनी पिळत राहिले. तिने पुन्हा सांगितलं नाही. एकदा सांगून न ऐकलेलं दुसऱ्यांदा सांगितलं की तो आगाऊपणा होतो, असं तिला या घरात आल्यापासून वाटत आलं होतं.

डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्याच्या मधोमध जुन्या मारुतीतला रेडिओ होता. गेल्या महिन्यात डभोईचा भंगारवाला गाडी घेऊन गेला, त्याच्या आदल्या दिवशी हेमचंद्रांनी रेडिओ आणि मागचे दोन्ही स्पीकर स्वतः काढून घेतले होते. आता ते स्पीकर बुटांच्या दोन खोक्यांत भोकं पाडून बसवलेले होते, टेबलाच्या दोन टोकांना. रेडिओचा स्वतःचा आवाज दुबळा झाला होता, म्हणून रावपुऱ्याच्या बाजारातून तळहातात मावेल एवढा एक ॲम्प्लिफायर आला होता.

तेजश्रीची नजर मात्र स्क्रूंवर होती. वाटीत ठेवलेले आठ, वाटीबाहेर एक. चार वर्षांच्या सानवीचा हात त्या एकापासून वीतभर अंतरावर होता. ती पुढे झाली आणि तो उचलून वाटीत टाकला.

"बारा व्होल्ट आहे गं, मुंगीसुद्धा मरायची नाही," हेमचंद्र हसून म्हणाले. त्यांना ती काय करतेय ते दिसलं होतं.

"व्होल्टचं नाही, ही गिळेल त्याचं."

सानवी खुर्चीवरून उतरली. आजोबांच्या पाठीमागून वळसा घालून पलीकडे गेली, त्यांच्या कोपराला धरून ओरडली, "आजोबाऽ, लाल वायर राहिलीऽ!"

तेजश्रीचे खांदे आपोआप वर गेले. पुन्हा तेच. बालवाडीच्या बेननी, म्हणजे बाईंनी, शुक्रवारी फाटकाशी थांबवून सांगितलं होतं, "सानवी बहु मोटेथी बोले छे. एक वार कान बतावी जोजो ने." त्यावर त्या हसल्याही होत्या, कान दाखवून घ्या हे सहज सांगितल्यासारखं. पण तेजश्रीची शनिवारची रात्र फोनवर लहान मुलांच्या बहिरेपणाची लक्षणं वाचण्यात गेली. मोठ्याने बोलणं हे पहिलंच लक्षण होतं. समोर येऊन, तोंडाकडे बघून बोलणं हे दुसरं. मंगळवारची तपासणी ठरली होती. तिचा नवरा अभिजित म्हणाला होता, "पोरं ओरडतातच," आणि कुशीवर वळून झोपला होता.

"लाल आणि पिवळी एकत्र," हेमचंद्र नातीला सांगत होते. "गाडीत पिवळी कायम जागी असते, लाल किल्ली फिरवली की उठते. इथे किल्लीच नाही. म्हणून दोघींची गाठ मारायची."

"लग्न?"

"लग्नच समज."

त्यांनी ॲडॅप्टर लावला. रेडिओवर हिरवे आकडे उमटले. बटण फिरवताना खरखर झाली आणि मग एक बाई गुजरातीत बोलू लागली, कपाशीला पाणी कधी द्यायचं आणि कधी नाही.

सानवीने टाळ्या वाजवल्या. हेमचंद्र मात्र डोकं तिरकं करून ऐकत होते.

"डावा मंद आहे," ते म्हणाले.

हातातली कोथिंबीर तशीच धरून तेजश्रीने ऐकलं. तिला तसं काही जाणवलं नाही. पण त्यांची हयात कारखान्याच्या चाचणी विभागात गेलेली.

"एकच बाई बोलतेय, म्हणजे दोन्हीकडून सारखीच यायला हवी. आता बघ सानू, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की चोर सापडत नाही." त्यांनी ॲम्प्लिफायरच्या मागच्या वायरींची अदलाबदल केली. ऐकलं. "अजून डावाच. म्हणजे रेडिओ निर्दोष, ॲम्प्लिफायर निर्दोष. खोकंच चोर."

त्यांनी खोकी उचलली, डावं उजवीकडे, उजवं डावीकडे ठेवलं. बसले. पुन्हा डोकं तिरकं केलं.

त्यांनी दोन्ही खोक्यांच्या वायरी पुन्हा चाचपल्या.

"काय झालं?" तेजश्रीने विचारलं.

"डावाच मंद आहे."

"पण खोकं तर बदललंत."

"तेच तर. मग बिघाड काय टेबलात आहे?"

आता तिलाही राहवेना. कोथिंबीर ताटलीत ठेवून, हात पुसत ती टेबलापाशी आली. कॉलेजात मायक्रोबायोलॉजी केली होती तिने; असं न जुळणारं उत्तर आलं की पूर्वी तिला जेवण सुचत नसे. ती एका खोक्याशी वाकली, मग दुसऱ्याशी. बाई दोन्हीकडे सारख्याच ठामपणे कपाशीवर बोलत होती.

"मला तर सारखं वाटतंय, पप्पा."

"तुला सवय नाही. आवाज कमी करतो, मग फरक कळेल."

त्यांनी बटण मागे फिरवलं. आणखी फिरवलं. आता तेजश्रीलाही शब्द नीट लागेनात, नुसती कुजबुज उरली. सानवी खिडकीशी गेली होती, पाठमोरी. पडद्याच्या कडीशी तिचा काही खेळ चालला होता.

"आजोबा, इयळ म्हणजे काय?" तिने न वळता ओरडून विचारलं.

तेजश्री जागच्या जागी थांबली. "कुठे ऐकलंस तू ते?"

"ती बाई म्हणतेय ना. इयळ पडते."

तेजश्रीने रेडिओकडे पाहिलं. खाली वाकून, श्वास रोखून ऐकलं तेव्हा तिलाही ते ऐकू आलं, कपाशीवरच्या अळीचं काहीतरी. खिडकी तिथून चांगली दहा-बारा पावलं होती. म्हणजे सानवीला नीट ऐकू येत होतं. मग मुलगी ओरडते कशाला?

"हं," हेमचंद्र स्वतःशीच म्हणाले. ते डाव्या खोक्याकडे डावा कान नेऊन बसले होते. "इथे तर काहीच नाही."

"पप्पा, एक गोष्ट बदलायची राहिली," ती म्हणाली. काय निघेल याचा तिलाही अंदाज नव्हता. प्रयोगातला एकच घटक अजून हलवलेला नव्हता, म्हणून ती बोलून गेली.

त्यांनी उत्तर दिलं नाही. ती त्यांच्या डाव्या हाताला उभी होती. तिने त्यांच्या खांद्याला हात लावला, तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, तुम्ही उलटे बसून बघा. टेबलाकडे पाठ करून."

"आणि?"

"काही नाही. फक्त बघा."

त्यांनी कुरकुरत खुर्ची फिरवली आणि पाठ करून बसले. खोकी जागच्या जागी होती, वायरी होत्या तशाच. सानवी खेळ सोडून बघत होती.

"आता हा..." ते म्हणाले आणि हात वर केला. हात ज्या खोक्याच्या दिशेला गेला, ते पाठ फिरवण्याआधी त्यांच्या उजवीकडे होतं आणि ठणठणीत होतं. "आता हा मंद..."

हात हवेत तसाच राहिला. मग त्यांनी तो सावकाश खाली आणून मांडीवर ठेवला.

तेजश्रीला मारुती आठवली. ते गाडी चालवायचे तेव्हा ती त्यांच्या डावीकडच्या सीटवर बसायची. तिला वासण्याला माहेरी सोडायला जाताना तिने काही विचारलं की ते समोर रस्त्याकडे बघत राहायचे. आपण त्यांना फारशा आवडलो नाही, असं तिने तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं आणि मग विचारणंही कमी केलं होतं. सानवीने काही ठरवलं नव्हतं. आजोबांबरोबर दिवसभर राहून तिने नुसतं शोधून काढलं होतं की कुठे उभं राहायचं आणि किती मोठ्याने बोलायचं.

मग तिला सकाळी साडेआठची, बालवाडीच्या वाटेवरची हरणीची मुख्य सडक आठवली. रिक्षा, विमानतळाकडे जाणाऱ्या गाड्या, डावीकडून घुसणाऱ्या दुचाक्या, आणि आजोबांच्या स्कूटरवर पुढे उभी असलेली सानवी.

ती टेबलाला वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूची खुर्ची ओढून बसली.

"मंगळवारी सानूच्या कानांची तपासणी आहे," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. "हेडफोन लावायला ती घाबरेल. तुम्ही याल? आधी तुम्ही लावलात, तिच्यासमोर, तर ती बसेल."

हेमचंद्र काळी चिकटपट्टी उचलून लाल-पिवळ्या गाठीवर गुंडाळू लागले. नीट, एकावर एक पदर येतील अशी.

"तिच्यासाठी," ते म्हणाले.

"तिच्यासाठीच."

"मला नाही भीती वाटत!" सानवी ओरडली.

"तुला नाही, मला वाटते," आजोबा म्हणाले, आणि ती खिदळली. पट्टीचं टोक त्यांनी अंगठ्याने दाबून बसवलं. दाबतच राहिले. "आधी कुठला कान घेतात तिथे?"

"विचारून ठेवते."

रेडिओवर कपाशी संपून साड्यांच्या दुकानाची जाहिरात लागली होती. त्यांनी आवाज थोडा वाढवला, मग पुन्हा होता तिथे आणला.

"आणि उद्या हिला शाळेत तूच सोड," ते म्हणाले. "स्कूटरचा ब्रेक जरा सैल वाटतोय."

स्कूटर दोनच दिवसांपूर्वी सर्व्हिसिंगहून आली होती. पावती तिच्याच पर्समध्ये होती.

"हो," तेजश्री म्हणाली. "मलाही वाटलं परवा."