आत येताना मावलो होतो

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि एक अंधारी खोली मनात आणा. मधोमध दगडी घाणा, सगळीकडे तिळाचा उग्र वास, आणि घाण्यापासून भिंतीपर्यंत एका जनावराला जेमतेम फिरता येईल एवढीच वाट. त्या वाटेवर गोल गोल फिरतो आहे तो मी. मी एक जुना उंट आहे. सना शहराच्या जुन्या पेठेत, मीठबाजाराच्या मागच्या गल्लीत, चोवीस वर्षे मी तिळाचे तेल काढतो आहे.

माझा जन्म समुद्राकडच्या तिहामाच्या वाळूत झाला. आईबद्दल एवढेच आठवते, की तिची सावली मोठी होती. दूध सुटताच मला बाजारात विकले आणि डोंगर चढवून इथे आणले. मात्र लगेच घाण्याला जुंपले नाही. आमच्या गल्लीतल्या घाणेवाल्यांची एक रीत आहे. पिल्लू महिनाभर घरातल्या मुलाच्या हवाली करायचे. मुलाने त्याला चारायचे, खाजवायचे, त्याच्याशी बोलायचे. पिल्लू त्याच्यावाचून पाऊल टाकेनासे झाले, की एक दिवस मुलाने पुढे चालायचे आणि पिल्लाने त्याच्या मागोमाग घाण्याच्या दारातून आत यायचे. दोर लागत नाही, काठी लागत नाही. दार अरुंद आणि बुटके आहे. पिल्लू त्यातून मावते. वर्षभरात ते वाढते, आणि मग मावत नाही.

मला आत आणणारा मुलगा अकरा वर्षांचा होता. त्याचे नाव नाजी. त्याच्या तळहातावर बेदाणे होते. मी त्या बेदाण्यांकडे पाहत आत आलो. मागे वळून पाहिले नाही.

पुढची वर्षे सगळी सारखीच गेली. चक्कर येऊ नये म्हणून डोळ्यांवर खजुराच्या पातीची झापडे बांधत. लोक म्हणत, नाजीच्या घाण्याचे तेल म्हणजे तेल. घाण्याचे कौतुक झाले, नाजीचे झाले. तो मोठा झाला, मालक झाला, आणि बेदाणे धरणाऱ्या हातात काठी आली.

मग सहली सुरू झाल्या. घमदान नावाचा वाटाड्या दोन तासांत जुने शहर दाखवतो. वेशीपासून चांदीबाजार, तिथून आमचा घाणा, आणि शेवटी एका उंच घराची गच्ची. माझ्या वाट्याला दहा मिनिटे येतात. पाहुण्यांना उंटाचे डोळे बघायचे असतात, म्हणून नाजी झापडे काढी आणि मला पळवी. उघड्या डोळ्यांनी पळताना भिंती फिरू लागत. मी अडखळे, घाण्याचा खांब अंगाला लागे, आणि वरच्या माळ्यावरून पाहुणे हसत हसत फोटो काढत. हळूहळू दिव्याच्या धुराने आणि धुळीने माझे डोळे गेले. आता झापडांचे काम उरले नाही.

यंदा पुढचा गुडघाही गेला. महिन्यापूर्वी गल्लीत नवे पिल्लू आले. ते नाजीच्या मुलीच्या, नऊ वर्षांच्या तकियाच्या हवाली झाले. भिंतीपलीकडून मला तिचे बोलणे ऐकू येई. ती त्याला शाळेतल्या गमती सांगे.

काल एडनहून शाळेची सहल आली. घमदानने मुद्दाम पिल्लाच्या प्रवेशाची तीच वेळ ठरवली होती. पिल्लू आत येताना उधळायला माळ्यावर उभ्या असलेल्या मुलांच्या हातात बेदाणे दिले होते.

"मुलांनो, हे आमचे आजोबा," नेहमीप्रमाणे गालात चघळायच्या हिरव्या पाल्याचा तोबरा भरून घमदान सांगत होता. "यांना दर शुक्रवारी आम्ही डोंगरावर हवा खायला नेतो."

"घमदानकाका, खोटं कशाला सांगता?" तकिया दाराबाहेरून म्हणाली. "हा कधीच बाहेर गेलेला नाही."

"झाली सुरू आमची मास्तरीणबाई," घमदान म्हणाला.

"बाबा, पिल्लू आत आलं की आजोबा कुठे जाणार?"

"गावाला," नाजी म्हणाला. "आता आराम करायचा त्यानं."

"पण जाणार कुठून? दारातून तर तो मावत नाही."

"मावेल की गं," घमदान हसला. "एकदम नाही मावणार. थोडा थोडा करून मावेल."

पायरीवर बसलेला खाटीक म्हणाला, "आणि मी इथं काय सहलीला आलोय होय?"

 मुलांपैकी दोघे-तिघे हसले, आणि त्यांच्या मागोमाग बाकीचेही हसले. त्यांच्या बाई म्हणाल्या, "आटपा रे लवकर, गच्ची राहिलीय अजून."

"तकिया, ये आत," नाजी म्हणाला. "तू आलीस की पिल्लू येतंच."

"याला तुम्हीच आणलं होतं ना, बाबा?"

"हो. सगळेच आणतात. एक रात्र रडलो. दुसऱ्या दिवशी जेवलो. तूही जेवशील."

मित्रांनो, तुम्हीही सहलीला जाल. कुठे एखादे जनावर फिरताना, नाचताना दिसेल. टाळ्या वाजवण्याआधी एवढेच विचारा, की हा बाहेर कधी जातो? आणि उत्तर देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहू नका, दाराकडे पाहा. काल चाळीस मुले माझ्यासमोर उभी होती. दाराकडे कोणी पाहिले नाही.

पावले उंबऱ्याशी आली, तिची दोन आणि पिल्लाची चार. पिल्लाने मान आत घातली. त्याचा गरम श्वास माझ्या नाकाला लागला. त्याला दुधाचा वास होता. ते आत आले असते, तर माझे फिरणे कालच संपले असते. ते आले नाही, तर या गुडघ्यावर मला फिरतच राहायचे होते. तकियाला हे ठाऊक होते. तिने मला हाक मारली नाही.

"आण त्याला," नाजी म्हणाला.

तकिया चालू लागली. आत नाही. दारावरून पुढे, वेशीकडे जाणाऱ्या गल्लीने. पिल्लाने मान बाहेर काढली आणि ते तिच्या मागोमाग निघाले. मागून नाजी ओरडला, घमदान ओरडला, मुले ओरडली. पिल्लू बिचकू नये म्हणून ती पळाली नाही. त्याला शाळेतली कसलीशी गंमत सांगत रोजच्यासारखी हळूहळू चालत राहिली.